सॅम्पल सर्व्हेचं तीन दिवसांचं ट्रेनिंग, फोंडा : ४ स्टार

मी गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका दूध सोसायटीत हिशेब बघते. पशुगणना होते पाच वर्षांनी एकदा (२०वी २०१९ ची), मधल्या काळात गावात म्हशी किती, चाऱ्याखाली जमीन किती हे आम्ही अंदाजपंचेच लिहायचो, म्हणून थोडे नमुने मोजून सगळ्याचा अंदाज काढायचं हे ट्रेनिंग केलं आणि केलं ते फार बरं झालं.

पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं, नमुने निवडायला यादी कशाची घेणार? आम्ही सगळे म्हणालो, एक-चौदाच्या उताऱ्यावरची (म्हणजे आमच्या गोव्याच्या सातबारावरची) नावं. मग कळलं की गोव्यात हे चालतच नाही, कारण उताऱ्यावर नाव एकाचं, तो असतो मुंबईला, कसतो तिसराच, कोमुनिदादीची (गावच्या सामाईक मालकीची) जमीन आणखी वेगळी, आणि कागदावर भात असलेलं खाजन (खाडीकाठची बांध घातलेली सखल जमीन) कित्येक वर्षं पड! म्हणून पिकाखालचं क्षेत्र काढायचं तर माणसं नाही, नकाशावरचे जमिनीचे तुकडे निवडायचे. २०० सारख्या तुकड्यांतले ४० चिठ्ठीने काढले, प्रत्येकात जाऊन मोजलं, की बेरजेला पाचाने गुणायचं. इतकं साधं.

गुरांचं उलट, तिथे घरं घ्यायची. पण एकाच वाड्यावरची दहा घरं घेतली तर एकच गोष्ट दहादा विचारल्यासारखं होतं, डोंगराकडच्या वाड्यावर घरोघरी शेळ्या आणि बाजाराजवळ एकही नाही. म्हणून आधी वाड्यांचे गट पाडायचे आणि प्रत्येक गटातली थोडी घरं घ्यायची, मोठे गोठे मात्र चिठ्ठीत न टाकता सगळेच मोजायचे, कारण ८० म्हशींचा एक गोठा चिठ्ठीत आला की आकडा फुगतो आणि नाही आला की पडतो. आणि प्रश्न "तुमची किती" असा नाही, "काल रात्री तुमच्या गोठ्यात किती बांधली होती" असा, म्हणजे शेजाऱ्याकडे ठेवलेली म्हैस दोनदा धरली जात नाही.

दुसरा दिवस शेतात, भाताचं उत्पन्न काढायला. १० बाय ५ मीटरचा प्लॉट, नैऋत्येचा कोपरा रँडम नंबरने ठरवून खुंटी मारली, दोरी ताणली. दोरीवर आलेलं भाताचं चूड (रोपांचा झुपका) आत की बाहेर यावर आमचं तिघांचं भांडण, शेवटी खाली वाकून मूळ कुठे आहे ते बघितलं. हात आपोआप चूड आत ओढतो हो! १ बाय १ च्या प्लॉटला एका चौरस मीटरमागे ४ मीटर कड येते, १० बाय ५ ला फक्त ०.६, म्हणून छोट्या प्लॉटमध्ये उत्पन्न जास्त दिसतं. साताऱ्याकडच्या पां. वा. सुखात्मे या संख्याशास्त्रज्ञांनी हे १९४० च्या दशकातच दाखवून दिलं होतं, मला हे नावसुद्धा माहीत नव्हतं, वाईट वाटलं.

एक स्टार कापला तो तिसऱ्या दिवसासाठी. चूक किती येऊ शकते ते काढायचं गणित एक्सेलवर अर्ध्या तासात उरकलं, खरं तर त्याला अख्खा दिवस हवा, आणि नोट्स फक्त इंग्रजीत. आमच्यातल्या दोन मावशी, ज्यांना गुरांचं सगळ्यांपेक्षा जास्त कळतं, त्या तिथे गप्प बसल्या.

जाणार असाल तर आपल्या गावाचा सर्व्हे प्लॅन (जमिनीच्या तुकड्यांचा नकाशा) सोबत न्या, त्याच्यावरच सराव करून घेतात. शेताच्या दिवशी गमबूट घाला.