लुकलुकणारा पिवळा दिवा आणि माझे ३८,६०० रुपये

आधीच सांगतो, मी अडाणी नाही. एकवीस वर्षं हिशेब तपासतोय. बिल जोडलेलं नसेल तर दुसऱ्याचं पन्नास रुपयांचं व्हाउचरही मी परत पाठवतो. आणि मीच वहीच्या फाडलेल्या पानावरच्या आकड्याला ३८,६०० रुपये मोजून आलो. बायको अजून रोज एकदा तरी हे बोलून दाखवते.

जुलैचा दुसरा आठवडा. पुण्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन उरकून कराडला निघालो होतो. पाऊस धो धो. खंबाटकीच्या चढाला गाडी हिसके द्यायला लागली आणि चेक इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. हा दिवा नुसता पेटून राहिला आणि गाडी नीट पळत असेल, तर सावकाश ओळखीच्या मिस्त्रीपर्यंत जाता येतं. लुकलुकला की समजा मिसफायर, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळतच नाही: न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन सायलेन्सरच्या लाईनमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (थोडक्यात 'कॅट', आतल्या जाळीने धूर स्वच्छ करणारा डबा) तापवतं. पाय हलका करायचा, जमेल तिथे गाडी बाजूला घ्यायची. हे आता कळतंय. तेव्हा मी कसाबसा घाट उतरलो आणि चहाच्या टपरीवाल्याने दाखवलेल्या गॅरेजात शिरलो. टपरीवाल्याचा त्यात वाटा होता की नाही, देव जाणे.

मिस्त्रीने स्कॅनर लावला, पाचच मिनिटांत तोंड पाडलं. "सायेब, कॅट गेलंय. असंच पळवलं तर गाडी पेट घेईल. म्हातारं माणूस हाय संगं." शेवटचं वाक्य त्याने आईकडे बघत टाकलं. डोळ्याला पट्टी लावलेली ७४ वर्षांची आई मागे बसलेली असताना तुम्ही काय केलं असतं, सांगा. गाडी तिथेच ठेवली, ३,००० रुपये देऊन टॅक्सीने कराड गाठलं आणि दुसऱ्या दिवशी गाडी आणायला गेलो. स्कॅनिंग ८००, 'इम्पोर्टेड' कॅट २४,५००, ऑक्सिजन सेन्सर ३,८००, ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) प्रोग्रामिंग ६,०००, मजुरी ३,५००. पैसे जीपेने, तेही कुठल्याशा बाईच्या नावावर. पक्कं बिल? "प्रिंटर बंद हाय." जुना कॅट? "तो एक्स्चेंजमध्ये गेला." गेला म्हणे! त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असतं, भंगारातही त्याला चांगला भाव येतो. बदललेला प्रत्येक पार्ट डिकीत टाकून घ्या, तेलाने बरबटलेला असला तरी.

पण खरी जळजळ वेगळीच आहे. स्कॅनरच्या पडद्याचा फोटो मी स्वतः काढला होता. मेहुण्याला व्हॉट्सॲपवर पाठवलाही. त्याने रात्री अंगठा दाखवला, तोही न बघताच. फोटोत ढळढळीत बिघाडाचा कोड आहे: पी०३०३. शेवटचा ३ म्हणजे तिसरा सिलिंडर, तिथे मिसफायर. कॅट निकामी असता तर पी०४२० यायला हवा होता. पडद्यावर तो नव्हताच, दुसरा एकही कोड नव्हता. फोटो जायला नेटवर्क होतं, म्हणजे कोड शोधायलाही होतं. दहा सेकंदांचं काम. आकडे वाचणं हा माझा धंदा, आणि मी आकडा सोडून मिस्त्रीच्या तोंडाकडे बघत राहिलो.

चार दिवस ऊन होतं, गाडी गुणी पोरासारखी चालली. पाचव्या दिवशी पाऊस आला, दिवा पुन्हा लुकलुकला. कराडच्या मिस्त्रीने तिसऱ्या सिलिंडरची कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी) पहिल्यावर चढवली, पहिल्याची तिसऱ्यावर. कोड लगेच पी०३०१ झाला, म्हणजे दोष कॉइलमध्येच. तिच्या रबराला चीर होती, ओल धरली की ठिणगी बाहेरच पळायची. कॉइल १,८५०, चार प्लग ८८०, मजुरी ४००. एकूण ३,१३०. मग त्याने गाडीखाली जाऊन 'इम्पोर्टेड' कॅटवर पाना वाजवला. रिकाम्या डब्यासारखा आवाज. वेल्डिंग ताजं, आत जाळी नाही. आधीच्याने फक्त कोड पुसला होता आणि चांगला कॅट कापून नेला होता.

मग माझी वारी सुरू झाली. इथले पोलीस म्हणाले, घटना जिथे घडली त्या हद्दीत जा. गेलो. तिथले म्हणाले, "गाडी चालत घेऊन गेला ना? मग हा दिवाणी मामला." आरटीओत सांगितलं, गॅरेज आमच्याकडे येत नाहीत. सायबरवाल्यांनी विचारलं, पैसे तुम्हीच पाठवले ना? ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केला तर पहिला प्रश्न बिलाचा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, पण तक्रार कोणावर करायची? पाटीवर मालकाचं नाव नाही, पत्ता म्हणजे 'घाट उतरल्यावर डावीकडे'. एका साहेबांनी तर मलाच समजावलं, "शिकलेली माणसं असं कसं करता?" हे ऐकायला मी अर्धी रजा टाकली होती.

स्टीअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला लागणारा ब्लूटूथ स्कॅनर मी आता ९०० रुपयांना घेतलाय. कोड आधी आपल्या मोबाईलवर बघा, मिस्त्रीचं नंतर ऐका. आणि गाडी रात्रभर अनोळखी गॅरेजात सोडू नका. टोइंग महाग वाटतं, मलाही वाटलं होतं.

माझा दिवा आता लुकलुकत नाही, नुसता पेटलेला असतो. काल स्कॅनर लावला. पी०४२०. या वेळी खरोखरच कॅट नाहीये, आणि पीयूसी पुढच्या महिन्यात संपतेय.