साइड रिंगवाला बेल्ट, झाडावर सात महिने वापरून

साकोली तालुक्यात मी १४ वर्षांपासून झाडं तोडाचं काम करून राह्यलो, म्हणजे घरावर आलेल्या चिंचेच्या, निंबाच्या, आंब्याच्या फांद्या वरतून कापून दोरानं खाली सोडाच्या, काहून का खाली कवेलूचं घर, बाजूले लाइनचे तार, अख्खं झाड एकदम पाडताच येत नाही. पहिले कमरेले दोर बांधूनच चढत होतो. दिवाळीनंतर नागपूरच्या एका सेफ्टीच्या दुकानातून फुल बॉडी बेल्ट आणला, कमरेच्या दोन्ही बाजूले डी-रिंग, म्हणजे इंग्रजी डी सारखी कडी, अन पाठीवर एक, ३२०० रुपयाचा, अन बुंध्याले गुंडाळाचा दोन मीटरचा दोर वेगळा ९०० ले.

त्याच्या आधी दुसऱ्या दुकानातून जो आणला होता त्याले फक्त पाठीवर रिंग होती. तो बिल्डिंगवाल्यांच्या कामाचा आहे, माणूस पडला तर अडकवून धरते, पण झाडावर एका जागी टेकून दोन्ही हात मोकळे करून करवत चालवाची असन तर त्या रिंगचा काहीच उपयोग नाही. दुकानदारानं एका शब्दानं विचारलं नाही का काम कोणतं आहे. १८०० रुपये गेले, त्याचा राग मले अजून आहे.

साइड रिंगनं मात्र खरंच काम बदललं. दोर बुंध्याच्या मागून फिरवला, दोन्ही रिंगेत हूक टाकले, पाय रोवून मागे रेललो का दोन्ही हात मोकळे. पहिले एका हातानं फांदी पकडून दुसऱ्यानं करवत ओढत होतो, संध्याकाळी खांदा वर उचलत नव्हता, तो त्रास आता नाही.

पण हे नीट वाचा, साइड रिंग पडताना झेलासाठी नाहीच, टेकून उभं राहासाठी आहे. दोर ढिला सोडून वर सरकलो अन पाय सुटला तर सारा झटका कमरेवर येते. म्हणून वरच्या जाड बेचक्यातून दुसरा दोर पाठीच्या रिंगेले लावतो, खाली भाऊ सांभाळते. हे बेल्टसोबतच्या चिठ्ठीत लिहून आहे, पण सारं इंग्रजीत अन मुंगीएवढ्या अक्षरात, पुतण्यानं वाचून सांगतलं तेव्हा समजलं. मराठीत चार ओळी छापाले काय होते? अन बेल्टवर लटकून राह्यलं का पाय लवकर बधिर होतात, म्हणून खाली आपल्याले उतरवता येणारा माणूस पाहिजेच, एकट्यानं चढू नका.

सोबतचा दोर साधा आहे, ताणलेल्या दोराले मोटरची करवत नुसती टेकली तरी तुटते. मधात तार असलेला दोर पाहिजे, नागपुरात दोन दुकानं फिरलो, नाही भेटला.

मांडीच्या पट्ट्या बारीक आहेत, मे महिन्यात ४५ च्या वर तापते तेव्हा घामानं कातडी सोलून निघते. फोमची खोळ करून पट्टीवर सरकवली, शिवली नाही, बेल्टच्या पट्टीले सुई लावाचीच नाही, कमजोर होते. हूक दोनदा दाबल्याशिवाय उघडत नाही, ते चांगलंच आहे, पण वर आग्यामोहोळ उठलं तर सुटाले वेळ लागते, म्हणून आता चढाच्या आधी झाड चारही बाजूनं पाहून घेतो.

लोकं म्हणतात बेल्ट बांधाले इतका वेळ काहून, अन त्याच वेळेवरून भाव पाडतात. मले त्याचं लय वाईट वाटते, वर जीव आपला असते.

घेताना लेबलवर आयएस ३५२१ (सेफ्टी बेल्टच्या भारतीय मानकाचा नंबर) अन बनावटीचं वर्ष पाहा, दुकानातच अंगात घालून बसून-उठून पाहा. मी भावासाठीही हाच सांगून ठेवला आहे, फक्त दोर तारवाला भेटला तरच घेईन.