जीएल-४ की जीएल-५?

नाना पेठेत गिअर ऑईल घ्यायला गेलेल्या मावसभावाचा दुकानातूनच फोन आला: "दादा, जीएल-५ नंबरने मोठं, मग तेच चांगलं ना?" नाही रे. जीएल-४ आणि जीएल-५ हे गिअर ऑईलचे दोन प्रकार. हे आकडे दर्जाच्या पायऱ्या नाहीत, दोघांचं काम वेगळं आहे.

जीएल-५ मध्ये दाबाखाली दात झिजू नयेत म्हणून घातलेली गंधक-फॉस्फरसची द्रव्यं जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात. मागच्या डिफरन्शियलमधले (दोन्ही चाकांना इंजिनाची ताकद वाटून देणाऱ्या गिअरसंचातले) हायपॉइड, म्हणजे तिरके वळणदार दात प्रचंड दाबाखाली एकमेकांवर घासत फिरतात, तिथे ती हवीतच. गिअरबॉक्समध्ये मात्र सिंक्रोनायझरच्या (गिअर बदलताना वेग जुळवून देणाऱ्या भागाच्या) रिंगा बऱ्याचदा पितळेच्या असतात आणि यातली काही द्रव्यं तापल्यावर पितळ खातात. शिवाय रिंगेला पकड लागते. तेल फार निसरडं झालं की गिअर अडतो, कुरकुरतो. कात्रजच्या घाटात तिसऱ्यावरून दुसरा टाकताना ते लगेच हाताला कळतं.

किमतीत फारसा फरक नाही. चूक मात्र महाग पडते: सिंक्रो रिंग बदलायची तर अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीच्या मॅन्युअल गिअरबॉक्सला बहुधा जीएल-४, मागच्या चाकांवरच्या गाडीच्या डिफरन्शियलला जीएल-५. गाडीच्या पुस्तिकेत गिअरबॉक्सलाच जीएल-५ लिहिलं असेल, तर तेच भरा.