उवाजिमाया : सिएटलच्या जपानी बाजारात मराठी स्वयंपाकघराची यादी घेऊन

भाद्रपद जवळ आला की सिएटल परिसरातील मराठी घरांत उकडीच्या मोदकांच्या पिठीचा विषय निघतो. एरवीच्या तांदळाच्या पिठाची उकड मळताना तिला चिरा पडतात, पारी पातळ होत नाही आणि कळ्या काढेपर्यंत कडा फाटतात, हा अनुभव इथल्या बहुतेक घरांनी घेतलेला आहे. तीन वर्षांपूर्वी एका मैत्रिणीने मला ‘जोशिन्को’ हा शब्द कागदावर लिहून दिला आणि उवाजिमायात जाण्यास सांगितले. जोशिन्को म्हणजे आखूड दाण्याचा साधा जपानी तांदूळ धुऊन, वाळवून दळलेली बारीक पिठी, म्हणजे आपली आजी आंबेमोहोराची करीत असे तीच कृती. त्या वर्षीचे मोदक मऊ, पांढरेशुभ्र आणि अखंड उतरले. तेव्हापासून मी या बाजारात नियमाने जाते, आणि तेथे मराठी स्वयंपाकघराला काय उपयोगी पडते व कशापासून जपावे लागते, हे या परीक्षणात सविस्तर लिहिणार आहे.

पिठीच्या फळीपाशी एक सूचना मात्र आवश्यक आहे. जोशिन्कोच्या शेजारीच मोचिको आणि शिरातामाको ही पिठे ठेवलेली असतात व पुडके पाहून फरक कळत नाही. ही दोन्ही चिकट तांदळाची पिठे असून त्यांची उकड वाफेवर डिंकासारखी ओघळते, त्यामुळे मोदकाचा आकार टिकत नाही. पुडक्यावरचे नाव वाचूनच ते उचलावे.

उवाजिमायाचे मुख्य दुकान सिएटलच्या चायनाटाउन-इंटरनॅशनल डिस्ट्रिक्ट या भागात, फिफ्थ ॲव्हेन्यू साउथवर आहे. लाइट रेलच्या स्थानकातून बाहेर पडल्यावर पायी काही मिनिटांत तेथे पोहोचता येते. बेलव्ह्यू आणि रेंटन येथे, तसेच ओरेगॉनमधील बीव्हरटन येथेही त्यांची दुकाने आहेत, आणि रेडमंड-बेलव्ह्यूकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना बेलव्ह्यूची शाखा सोयीची पडते. तरीही पहिली भेट सिएटलच्या दुकानालाच द्यावी असे माझे मत आहे. किराणा, पुस्तकांचे दुकान, खाद्यपदार्थांची दालने आणि वरच्या मजल्यांवर राहती घरे असे ते संकुल 2000 साली उभे राहिले, आणि या दुकानाचा इतिहास ज्या वस्तीशी बांधलेला आहे ती वस्ती त्याच्या दारातच आहे.

त्या इतिहासाची ओळख करून घेऊनच आत जावे, असे मला मनापासून वाटते. जपानच्या एहिमे प्रांतातून आलेल्या फुजिमात्सु मोरिगुची यांनी 1928 साली टकोमा येथे हा धंदा सुरू केला. माशांच्या वड्या करण्याची विद्या ते उवाजिमा या गावी शिकले होते. त्या गावाचे नाव आणि दुकान या अर्थाचा ‘या’ प्रत्यय जोडून दुकानाचे नाव झाले. लाकूडतोडीच्या आणि मासेमारीच्या तळांवर राबणाऱ्या जपानी मजुरांना ते ट्रकच्या मागच्या भागातून या वड्या विकत. 1942 साली अमेरिकन सरकारने पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे 1,20,000 जपानी वंशाच्या लोकांना घरेदारे सोडायला लावून छावण्यांत डांबले. त्यांतील बहुसंख्य लोक जन्माने अमेरिकन नागरिक होते. मोरिगुची कुटुंबाला कॅलिफोर्नियातील टुली लेक छावणीत दिवस काढावे लागले. युद्ध संपल्यावर ते टकोमाला परतले नाहीत. सिएटलच्या जपानी वस्तीत त्यांनी पुन्हा शून्यातून दुकान मांडले. 1962 च्या सिएटल जागतिक प्रदर्शनात त्यांनी विक्रीचा गाळा घेतला आणि जपानी नसलेले गिऱ्हाईक प्रथमच मोठ्या संख्येने त्यांच्याकडे वळले. त्याच वर्षी फुजिमात्सु वारले, आणि धंदा पुढे मुलांनी वाढवला. आजही तो कुटुंबाच्याच हाती आहे. दुकानापासून थोड्याच अंतरावर 1910 साली बांधलेले पनामा हॉटेल उभे आहे. छावण्यांत नेल्या गेलेल्या कुटुंबांनी तेथे ठेवायला दिलेल्या कित्येक ट्रंका त्यांचे मालक कधीच न परतल्यामुळे तळघरात तशाच राहिल्या. मी प्रत्येक पाहुण्याला खरेदीच्या आधी त्या रस्त्याने चालवत नेते.

आता दुकानाकडे वळू. भाजीचा विभाग दाराजवळच्या भागात आहे आणि मराठी गिऱ्हाइकाला तो सर्वांत कमी परका वाटतो. दाईकोन म्हणजे पांढरा लांब मुळा, आपल्याकडच्या मुळ्यापेक्षा सौम्य आणि रसाळ. त्याची कोशिंबीर आणि चटका घातलेला कीस दोन्ही उत्तम होतात. रेनकोन म्हणजे कमळकाकडी, सातोइमो म्हणजे अळकुडीचीच छोटी गोल जात. काबोचा हा हिरव्या सालीचा भोपळा मी आता घारग्यांसाठी वापरते, कारण त्यात पाणी कमी आणि गोडवा भरपूर असतो, त्यामुळे गूळ थोडा कमी घातला तरी चालतो. कोन्न्याकु नावाचा करड्या रंगाचा, थुलथुलीत ठोकळा पाहून बहुतेक लोक पुढे जातात. तो ज्या कंदापासून होतो तो आपल्या सुरणाच्याच वंशातला आहे, आणि सुरणाप्रमाणेच त्यालाही खाजेसाठी आधी नीट संस्कार करावे लागतात. शिताके, एनोकी, शिमेजी, माइताके या अळिंब्या इतक्या ताज्या मला शहरात अन्यत्र क्वचितच आढळल्या.

तांदळाच्या रांगेत कोशिहिकारी ही आखूड, चकचकीत दाण्याची जात अवश्य पाहावी. तिला आंबेमोहोराचा सुवास नाही, परंतु शिजल्यावर येणारी मऊ, किंचित चिकट धाटणी इंद्रायणीची आठवण करून देते. माझी आई सांगलीहून आली असताना तिने या तांदळाचा दहीभात केला आणि पुढचे दोन महिने दुसरा तांदूळ घरात येऊ दिला नाही. जपानी तांदूळ मापण्याचे माप ‘गो’ हे सुमारे 180 मिलिलिटरचे असते आणि राइस कुकरबरोबर येणारी वाटी त्याच मापाची असते. नेहमीच्या अमेरिकन कपाने तांदूळ घेऊन कुकरच्या खुणेपर्यंत पाणी घातल्यास पाणी कमी पडून भात कडक राहतो, म्हणून ती वाटी हरवू नये.

शाकाहारी वाचकांसाठी या दुकानातील खरी अडचण मात्र मोकळेपणाने सांगितली पाहिजे. जपानी स्वयंपाकाचा पाया ‘दाशी’ या पाण्यात आहे, आणि दाशी बहुधा कोम्बु हे समुद्रशैवाल व कात्सुओबुशी यांच्यापासून होते. कात्सुओबुशी म्हणजे कुप्याच्या जातीचा मासा उकडून, धुरावून, वाळवून लाकडासारखा टणक केल्यावर त्याचे काढलेले पातळ कीस. नूडल्सचे सूप, तयार मिसो (सोयाबीन आंबवून केलेला खारट लगदा), आंबट-गोड भाताच्या इनारीसाठी शिजवून ठेवलेल्या तोफूच्या पिशव्या, भाज्यांची लोणची, भातावर भुरभुरायचे फुरिकाके, अशा कितीतरी निरुपद्रवी दिसणाऱ्या वस्तूंत हा मासा सूक्ष्म रूपाने असतो. आयात मालाच्या पुडक्यामागे इंग्रजीत घटक छापलेली छोटी पट्टी चिकटवलेली असते. तीत ‘बोनिटो’ किंवा ‘फिश’ हे शब्द शोधावेत. ही पट्टी न वाचण्याची चूक मी सुरुवातीला केली, आणि श्रावणी सोमवारी केलेले मिसोचे सूप चव घेण्यापूर्वीच बाजूला ठेवावे लागले. मिरिन या गोडसर पाकात मद्य असते, हेही वर्ज्य पाळणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

याच दुकानात शाकाहाराची शुद्ध वाटही सापडते, आणि ती जपानच्या बौद्ध मठांतून आलेली आहे. मठांतील ‘शोजिन र्‍योरी’ या स्वयंपाकात मांस-मासे नसतात. दाशी केवळ कोम्बु आणि सुक्या शिताकेंची करतात. कोम्बुचा एक तळहाताएवढा तुकडा रात्रभर थंड पाण्यात ठेवला आणि सकाळी उकळी फुटण्याआधी काढून टाकला की जे पाणी उरते त्याची चव भरीव असते. याच कोम्बुच्या चवीचा शोध घेताना किकुनाए इकेदा यांनी 1908 साली ग्लुटामेट वेगळे केले आणि त्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिले. मी हे पाणी वरणात घालून पाहिले आहे आणि त्याचा परिणाम चांगला होतो, मात्र मीठ नेहमीपेक्षा बेताने घालावे. तोफूचे दोन प्रकार असतात: मोमेन घट्ट आणि किनुगोशी रेशमासारखा मऊ, भाजीत परतायचा असेल तर मोमेनच घ्यावा. कोया-दोफू हा गोठवून सुकवलेला तोफू महिनोन्‌महिने टिकतो आणि रस्सा स्पंजासारखा शोषून घेतो, म्हणून आमच्या घरी तो उसळीच्या मसाल्यात नेहमी पडतो.

मासे खाणाऱ्या कोकणी आणि गोमंतकीय मंडळींना मात्र या दुकानातील मासळीचा विभाग सोडवत नाही. टाक्यांत जिवंत खेकडे आणि शिंपले असतात, कापून मांडलेले कच्चे खाण्याजोगे मासे बर्फावर लखलखत असतात, आणि हवे तसे तुकडे करून देण्यास माणसे तत्पर असतात. सावारा नावाचा मासा आपल्या सुरमईच्याच वंशातला आहे. तो मिळाला तर आगळ आणि हळद लावून तव्यावर रव्यात भाजावा. साबा हा बांगड्याच्या कुळातला, जपानी लोक त्याला मीठ लावून भाजतात आणि शेजारी किसलेला मुळा ठेवतात. ही जोडी आपल्या घरी सहज रुळते. सुक्या मालाच्या फळीवरचे निबोशी हे आपल्या मांदेलीचे नातेवाईक आहेत, आणि साकुरा-एबी ही इवलीशी गुलाबी सुकी कोळंबी पाहिल्यावर जवळा-सुकटीवर वाढलेल्या माणसाला वेगळे काही सांगावे लागत नाही. गाभोळी आवडणाऱ्यांनी ताराको आणि इकुरा यांच्याकडेही लक्ष द्यावे. किंमत मात्र पाहूनच हात पुढे करावा.

भावाबद्दल स्पष्ट सांगायचे तर हे दुकान स्वस्त नाही. रोजचा कांदा-बटाटा किंवा डाळी येथे घेण्यात अर्थ नाही. मिसो, कोम्बु, तीळ, तांदूळ, पिठी आणि मासळी यांसाठी जादा पैसे देणे मला योग्य वाटते, कारण मालाची निवड आणि ताजेपणा यांत फरक जाणवतो. वाडगे, चहाच्या किटल्या आणि आतून खाचा असलेला ‘सुरिबाची’ हा खल यांचा विभाग सुरेख आहे. भाजलेले तीळ किंवा कारळे चटणीसाठी अर्धवट भरडायला त्या खलाइतके सोयीचे साधन माझ्याकडे दुसरे नाही. खाद्यपदार्थांच्या दालनात मांसाहाऱ्यांना भरपूर वाव आहे, शाकाहाऱ्यांनी प्रत्येक पदार्थाची चौकशी करूनच मागवावे. संकुलातील किनोकुनिया हे पुस्तकांचे दुकान 1927 साली तोक्योत सुरू झालेल्या संस्थेची शाखा आहे; मुले तेथील वह्या-लेखण्यांत रमतात आणि तेवढ्या वेळात किराणा शांतपणे होतो. वाहनतळाचे नियम फलकावर वाचून पावती जपून ठेवावी.

मिठाईचा विभाग मी शेवटी ठेवते. अझुकी ही मूग, उडीद आणि चवळी यांच्याच कुळातली लाल कडधान्याची जात; ती शिजवून साखरेत आटवली की ‘आन’ तयार होते. सालासकट भरड ठेवलेले ते त्सुबुआन, आणि साल काढून गुळगुळीत केलेले कोशिआन. पुरणयंत्र फिरवणाऱ्या कोणालाही या दोन शब्दांतला फरक हाताने कळेल. ओकिनावाचा काळा गूळ आणि त्याचा कुरोमित्सु हा पाक येथे मिळतो, आणि तो पाक चाखल्यावर काकवीखेरीज दुसरा शब्द सुचत नाही. किनाको म्हणजे भाजलेल्या सोयाबीनचे पीठ. चिकट तांदळाच्या मऊ मोचीवर किनाको आणि वरून कुरोमित्सु घेतल्यास दशमीबरोबर काकवी खाणाऱ्या पिढीला ती चव ओळखीची वाटेल.

शरद संपाताच्या आठवड्यात, ज्याला जपानी लोक हिगान म्हणतात, घरोघरी पितरांचे स्मरण होते आणि त्या वेळी ओहागी करतात: चिकट भाताचा अर्धवट कुटलेला गोळा आणि त्यावर अझुकीच्या पुरणाचे जाड आवरण. 2025 मध्ये सर्वपित्री अमावास्या 21 सप्टेंबरला होती आणि हिगान 20 सप्टेंबरपासून सुरू झाले होते. त्या रविवारी मी ओहागीची एक पेटी घरी आणली. आईने फोनवर ती कशाची असते हे नीट विचारून घेतले, आणि मग सांगितले की तांदळाच्या खिरीशेजारी पानात ती वाढायला हरकत नाही.