दोन पाइप की तीन? मोठ्या मत्स्यटाकीचा ओव्हरफ्लो शांत करताना

टाकीखाली सम्प, म्हणजे वरच्या टाकीतले पाणी उतरून जिच्यातला पंप ते पुन्हा वर चढवतो अशी दुसरी टाकी, ठेवायचा, हे ज्यांचे ठरलेले आहे, त्यांच्यासाठी हा आढावा आहे. सम्प कशासाठी, पंप किती ताकदीचा, ओव्हरफ्लोचा डबा, म्हणजे टाकीतले काठावरून सांडणारे पाणी धरणारा कप्पा, कोपऱ्यात की मागच्या काचेला, हे विषय सोडून देतो. वरून सम्पमध्ये येणारे पाणी रात्री कोणालाही न उठवता कसे उतरवावे आणि त्यासाठी दोन पाइपांची मांडणी घ्यावी की तीन पाइपांची, एवढ्याच प्रश्नापुरते लिहितो. या दोन्ही मांडण्या मी एकाच टाकीवर वापरलेल्या आहेत.

टाकी चाळीसगावच्या घरात आहे. ६ × २ × २ फूट, म्हणजे काठोकाठ भरल्यास साधारण ६८० लिटर. आमच्या बोअरचे पाणी जड आहे. त्यात मृदू पाण्यातले मासे जगवण्याची धडपड करण्यापेक्षा मलावी सरोवरातील सिक्लिड ठेवणे शहाणपणाचे वाटले, कारण त्यांना असेच क्षारांचे पाणी मानवते. मात्र हे मासे भांडखोर असतात. एकाच माशाने एकाच्या मागे लागू नये म्हणून त्यांना थोडे दाटीनेच ठेवावे लागते आणि दाटी केली की पाणी भरपूर फिरवणे आलेच. माझ्याकडे ताशी तीन हजार लिटरच्या आसपास पाणी खाली येते. घरापासून रेल्वेमार्ग लांब नाही. रात्रभर मेल, एक्स्प्रेस आणि मालगाड्या धडधडत जातात आणि त्यांनी घरात कोणी कूसही बदलत नाही. टाकी सुरू केली त्या पहिल्या रात्री मात्र आई उठून दिवाणखान्यात आली आणि तिने विचारले, "कोन घोरी ऱ्हायनं रे भो?"

घोरत होता तो ड्युर्सो, म्हणजे डब्यात उभा केलेला, वरच्या टोकाला कोपर लावून तोंड खाली वळवलेला आणि टोपणाला हवेसाठी बारीक भोक पाडलेला एकच पाइप. पाइप पूर्ण भरून वाहत नसेल, तर पाणी त्याच्या भिंतीला चिकटून उतरते आणि मधून हवा ओढली जाते. पाणी थोडे असेल तोवर हे गुपचूप चालते. प्रवाह वाढला की पाणी आणि हवा यांची झटापट सुरू होते आणि गुडगुड ऐकू येते. हवेचे भोक लहान केले तर पाइप मध्येच सायफन पकडतो, म्हणजे पाण्याने पूर्ण भरून जोराने ओढू लागतो, डबा रिकामा करतो, हवा गिळतो, थांबतो आणि पुन्हा पकडतो. दर मिनिटाला कोणीतरी संडासाची टाकी ओढावी, तसा तो आवाज असतो. ज्यांचा प्रवाह कमी आहे, त्यांना ड्युर्सो पुरेसा ठरू शकेल. माझ्या एक इंची पाइपाला तीन हजार लिटर शांतपणे झेपले नाहीत, म्हणून तो पर्याय येथेच सोडतो.

शांततेचे रहस्य साधे आहे: पाइपात हवा नसेल तर आवाज नसतो. पुढच्या दोन्ही मांडण्या याच तत्त्वावर उभ्या आहेत आणि दोन्हींची नावे त्या पसरवणाऱ्या हौशी मंडळींच्या टोपणनावांवरून पडलेली आहेत. पहिली हर्बी. हिच्यात एक पाइप पूर्ण पाण्याने भरलेला सायफन म्हणून चालतो आणि त्याच्यावर प्रवाह आवरण्यासाठी वॉल्व्ह असतो. दुसरा पाइप डब्यात अधिक उंचीवर कोरडा उभा असतो आणि सायफन तुंबला तरच त्याच्यात पाणी जाते. दुसरी बीनॲनिमल. हिच्यात हे दोन पाइप असतातच, शिवाय त्यांच्यामध्ये तिसरा एक असतो, जो अर्धवट भरलेला, हवा घेत, अगदी थोडे पाणी वाहून नेतो.

हर्बीच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते मी मनापासून सांगतो. तयार मिळणाऱ्या बऱ्याच टाक्यांच्या तळाला दोनच भोके असतात, एक पाणी उतरण्यासाठी आणि एक पंपाच्या परतीच्या पाइपासाठी. परतीचा पाइप काचेच्या काठावरून आत घेतला, की दुसरे भोक आणीबाणीच्या पाइपासाठी मोकळे होते. काचेला नवे भोक पाडण्याचा प्रश्नच उरत नाही. सामान कमी लागते, डब्यात जागा कमी लागते, आणि वॉल्व्ह नेमका लागला असेल, त्या वेळी हर्बीइतकी शांत दुसरी कोणतीच मांडणी मला आढळलेली नाही. डब्यातली पातळी मुख्य टाकीच्या पातळीपेक्षा इंच-दीड इंचच खाली ठेवली, की डब्याच्या काठावरच्या दातेरी कंगव्यावरून पडणाऱ्या पाण्याचा धबधब्यासारखा आवाजही जातो. पहिल्या आठवड्यात पंप बंद पडला आहे की काय, अशा शंकेने मी दोनदा सम्पचे दार उघडून पाहिले होते.

अडचण "नेमका लागला असेल" या शब्दांत आहे.

सायफनमधून जाणारा प्रवाह पाण्याच्या एकूण उताराच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. माझ्या टाकीत डब्यातल्या पातळीपासून सम्पच्या पातळीपर्यंत सुमारे ४२ इंचांचा उतार आहे. पंपाचा प्रवाह केवळ १ टक्क्याने घटला, तर नवा तोल साधण्यासाठी हा उतार सुमारे २ टक्क्यांनी, म्हणजे पाऊण इंचाहून थोडा अधिक, कमी व्हावा लागतो, आणि ते सगळे अंतर डब्यातल्या पाण्यालाच उतरावे लागते. प्रवाहातला ३ टक्क्यांचा फरक म्हणजे पातळीतले अडीच इंच. डब्यात सायफनचे तोंड आणि कोरड्या पाइपाचा काठ यांच्यामध्ये चार इंचांची जागा असेल, तर पंपाच्या मिजाशीला किती थोडी मोकळीक उरते, हे यावरून ध्यानात यावे. पातळी खाली गेली की सायफन हवा ओढून सुरकायला लागतो. वर गेली की कोरडा पाइप ओला होऊन सम्पमध्ये धार पडू लागते.

आता खानदेशातला मे महिना डोळ्यांसमोर आणावा. पारा पंचेचाळीसच्या आसपास, खिडकीत कूलर, पाणी थंड राहावे म्हणून टाकीचे झाकण काढलेले. माझ्या टाकीतून अशा दिवसांत सात-आठ लिटर पाणी उडून जाते, आणि ही घट सगळीच्या सगळी सम्पच्या पंप असलेल्या कप्प्यात दिसते. तेथली पातळी उतरली, की पंपाला तेवढे जास्त उंच पाणी चढवावे लागते आणि प्रवाह किंचित घटतो. त्यातच रात्री लाईट जाते आणि पंप इन्व्हर्टरवर येतो. इन्व्हर्टरवर माझ्या पंपाचा सूर बदलतो आणि पाणीही थोडे कमी चढते, असा माझा अनुभव आहे. हा फरक मी मोजलेला नाही, पण डब्याने तो दरवेळी अचूक दाखवला. मग रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन टाकीखाली वाकायचे, वॉल्व्ह एका केसाएवढा आवळायचा, पाच मिनिटे वाट पाहायची, पुन्हा केसभर सैल करायचा, आणि झोप लागते न लागते तोच लाईट परत यायची, की सगळे पुन्हा उलट. दीड वर्षांत दोन उन्हाळे मी असे काढले. दुसऱ्या उन्हाळ्यात आईने पुन्हा कोण घोरते म्हणून विचारले, तेव्हा वॉल्व्ह फिरवण्यातले माझे कौशल्य वाढले होते, पण झोप तेवढीच राहिली होती.

तीन पाइपांच्या मांडणीत याच ठिकाणी फरक पडतो. सायफनला एकूण प्रवाहापेक्षा थोडे कमी पाणी दिलेले असते आणि उरलेली बारीक धार मधल्या पाइपातून उतरते. त्या पाइपाच्या तोंडाशी पातळी जराशी वर-खाली झाली, की धार आपोआप मोठी किंवा लहान होते. सायफनला काही कळतही नाही. धार थोडी असल्यामुळे तो पाइप ड्युर्सोसारखा गुडगुडत नाही. या पाइपाच्या माथ्यावरून हवेची एक बारीक नळी निघते आणि तिचे टोक डब्यात, कोरड्या पाइपाच्या काठाच्या किंचित खाली, धरलेले असते. सायफन तुंबून पातळी चढली, तर ते टोक बुडते, हवा तुटते आणि मधला पाइप स्वतःच सायफन होऊन भार उचलतो. एकदा सायफनच्या तोंडाची जाळी निघाली आणि तिथे एक गोगलगाय अडकून बसली होती. ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळले आणि जमिनीवर पाण्याचा थेंब नव्हता.

या मांडणीचे तोटे लपवण्यात अर्थ नाही. तीन भोके लागतात आणि भरलेल्या टाकीला भोक पाडता येत नाही. टफन्ड काचेला तर कधीच पाडता येत नाही, ती फुटते. मी दिवाळीच्या सुट्टीत मासे पाचशे लिटरच्या प्लास्टिकच्या टाकीत हलवले, मुख्य टाकी रिकामी केली आणि डब्याच्या काचेला तिसरे भोक पाडून घेतले. ते चार दिवस पुन्हा नकोत. पंप बंद होऊन पुन्हा सुरू झाल्यावर सायफनने हवा बाहेर टाकून स्थिर होईपर्यंत अर्धा-पाऊण मिनिट चांगलाच खळखळाट होतो, तो हर्बीतही होतो. शिवाय निव्वळ शांततेची स्पर्धा लावली, तर नीट लावलेली हर्बी कदाचित तसूभर पुढे राहील, कारण मधल्या पाइपाची धार कान लावल्यास ऐकू येते. मला मात्र ती दोन हातांवरून ऐकू येत नाही.

जोडणीविषयी काही गोष्टी दोन्ही मांडण्यांना लागू आहेत. सायफनचे खालचे टोक सम्पच्या पाण्यात अर्धा ते एक इंचच बुडवावे. जास्त बुडवले तर हवा बाहेर पडत नाही आणि सायफन पकडतच नाही. आणीबाणीच्या पाइपावर वॉल्व्ह कधीही लावू नये आणि त्याचे टोक पाण्याच्या वर ठेवावे, म्हणजे त्यातून धार पडली की तिचा आवाज हीच सूचना ठरते. वॉल्व्ह गेटचा घ्यावा. बॉल वॉल्व्ह पाव फेऱ्यातच उघडतो आणि त्याने केसभर फरक साधणे हे नशिबाचे काम आहे. आपल्याकडे गल्लोगल्ली ठिबकची दुकाने असल्यामुळे पीव्हीसीचे बॉल वॉल्व्ह हवे तेवढे मिळतात, गेट वॉल्व्ह मात्र मागवावा लागतो. पितळी गेट वॉल्व्ह सहज मिळतो. पितळातले तांबे पाण्यात उतरेल, या धास्तीने मी तो टाळला. आणखी एक चूक माझ्याकडून झाली, ती आपण करू नये: शेतीचा ३२ मिलिमीटरचा पाइप आणि घरगुती नळकामाचा एक इंची यूपीव्हीसी पाइप दिसायला सारखे असले, तरी दुसऱ्याचा बाहेरील व्यास ३३.४ मिलिमीटर असतो आणि एकाचे कोपर दुसऱ्याला बसत नाही. सोल्युशन ओतून ते बसवण्याचा खटाटोप करू नये.

जड पाण्यामुळे वॉल्व्हच्या आट्यांवर पांढरे क्षार धरतात आणि तो जाम होत जातो, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना युनियन, म्हणजे सोडवता येणारे जोड, ठेवून वर्षातून एकदा तो व्हिनेगरमध्ये भिजवतो. हर्बी असताना हा वॉल्व्ह मी उन्हाळ्यात जवळपास रोज फिरवत असे. आता महिन्या-दीड महिन्यातून एखाद्या वेळी हात लागतो, तोही बहुधा पंप धुतल्यावर.

ज्यांची टाकी भरलेली आहे, भोके दोनच आहेत, वीज स्थिर आहे आणि टाकी झोपण्याच्या खोलीपासून दूर आहे, त्यांनी केवळ माझ्या सांगण्यावरून ती रिकामी करावी, असे मी म्हणणार नाही. त्यांना हर्बी समाधान देईल, विशेषतः सम्पमध्ये पाणी आपोआप भरण्याची सोय असेल तर. टाकी अजून बनवून घ्यायची असेल, तर काचवाल्याकडून तिसरे भोक आत्ताच पाडून घ्यावे, दोन भोकांमध्ये निदान एका भोकाएवढे अंतर ठेवायला सांगावे, आणि सुरुवातीला हर्बीच चालवायची असली तरी त्या तिसऱ्या भोकात टँक निपल, म्हणजे पाइप जोडण्याचा तुकडा, बसवून वरून टोपण लावून ठेवावे. पहिल्या मे महिन्यात ते टोपण काढता येईल.