टर्बोचा इनटेक पाइप: सिलिकॉनचा की ॲल्युमिनियमचा?

टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारे यंत्र) असलेल्या स्पोर्ट्स कारचा हवा आत नेणारा मूळ प्लॅस्टिकचा इनटेक पाइप तडकला, की सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम असे दोन पर्याय समोर येतात. एअर फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा भाग शोषणाचा असल्याने पातळ सिलिकॉन पाइप पूर्ण थ्रॉटलवर आत दबतो आणि हवाच अडते. म्हणून आत पोलादी तारेचे वेटोळे असलेलाच घ्यावा आणि घेण्यापूर्वी वाकाशी अंगठ्याने दाबून पाहावा. क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या कवचातून) येणाऱ्या तेलकट वाफेने साधे सिलिकॉन कालांतराने फुगून मऊ पडते, त्यामुळे तेलाला टिकणाऱ्या फ्लोरोसिलिकॉनचे अस्तर असल्यास उत्तम.

ॲल्युमिनियम दबत नाही. मात्र पणजीच्या वाहतूककोंडीत ते इंजिनाची उष्णता पटकन धरते. वेगात हा फरक फारसा उरत नाही, कारण टर्बो स्वतःच हवा त्याहून कितीतरी अधिक तापवतो. खरी अडचण सांध्यांची आहे: चोर्ला घाटात इंजिन हलत राहते, कडक पाइपाचे सांधे सैल होतात आणि एअरफ्लो सेन्सरने न मोजलेली हवा आत शिरते.

गोव्यात रोज चालवायच्या गाडीसाठी मी तारेचे सिलिकॉनच निवडेन आणि खाऱ्या हवेमुळे क्लॅम्प स्टेनलेस स्टीलचे लावेन. पाइप कोणताही असो, फिल्टर बंपरखाली नेऊ नये. पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यावरचे पाणी सिलिंडरमध्ये ओढले गेल्यास पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.