पितळ उजळलं, पाटल्या हलक्या झाल्या

8.450 ग्रॅम सोनं. भांडी उजळायला दारात आलेल्या दोन पोरांनी माझ्या पाटल्यांतून एवढं काढून नेलं. सराफाने ग्रॅमला 7,100 धरून हिशेब केला, 59,995 रुपये. शिवाय त्यांच्या उजळायच्या पावडरीच्या पुड्याचे 150 मी हसत हसत मोजले. एकूण 60,145. लाज वाटते, तरी लिहितेय, कारण ती दोघं अजून आमच्या लातुरातच कुठल्या तरी गल्लीत फिरत असतील.

घटस्थापनेच्या आधीचा शुक्रवार, 27 सप्टेंबर 2024. भर दुपारी घरात मी आणि मामंजी. दोन पोरं, गळ्यात ओळखपत्र. "प्रचार आहे ताई, एक भांडं द्या, फुकट चमकवून देतो." दागिने मी स्वतःहून पुढे केले नव्हते, हे आधीच सांगते. दिली ती मामंजींची पुंगळी. ते तोफखान्यातले, निवृत्तीच्या वेळी देवळालीत सोबत्यांनी तोफेच्या गोळ्याची रिकामी पितळी पुंगळी भेट दिलेली. खंडेनवमीला ती विळ्या-कोयत्याशेजारी पूजेत असते. चिंच-मिठाने घासून माझे हात दुखून येतात. त्या पोराने कापूस दोनदा फिरवला आणि तळाचा शिक्कासुद्धा वाचता यायला लागला.

मामंजी म्हणाले, "अगं, ही तांबूस का दिसायली?" मी त्यांनाच गप्प केलं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. तेजाब, म्हणजे ॲसिड, जस्त खातं, वर तांबं उरतं. पंचवीस वर्षं पितळ घासणाऱ्या बाईला हे दिसू नये?

मग नजर माझ्या हाताकडे. "पाटल्या किती मळल्यात." प्लास्टिकच्या डब्यात हळदीचं पाणी, त्यात पाटल्या, दहा मिनिटं. पाणी पिवळं का झालं हे कळू नये म्हणून हळद!

पण मला सलतं ते पुढचं. 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं हे गाव. भाजी धुतलेलं पाणीही आम्ही झाडाला घालतो. मी म्हटलं, ते पाणी जास्वंदीला टाका. तो म्हणाला, "नको ताई, झाड जळून जाईल." आणि डब्याला झाकण लावून पिशवीत ठेवला. ज्याने झाड जळतं त्यातून काढलेल्या पाटल्या मी हातात चढवल्या, आणि माझं सोनं माझ्याच दारातून जाऊ दिलं. वर पाणीही पाजलं त्यांना.

दुसऱ्या दिवशी नक्षी बोटाला लागेना. पावतीवर 42.300, काट्यावर 33.850. सराफ म्हणाला, शोऱ्याचं आणि मिठाचं तेजाब (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड) एकत्र केलं की सोनंही विरघळतं. त्या पाण्यातून ते परत काढतात.

पोलीस ठाण्यात तीन चकरा. पहिल्यांदा, "साहेब बंदोबस्ताला गेलेत." दुसऱ्यांदा, "पाटल्या हातात आहेत ना, मग चोरी कसली?" मी चोरी म्हटलंच नव्हतं, फसवणूक म्हटलं होतं, नव्या कायद्यात, भारतीय न्याय संहितेत, त्याला 318 कलम आहे, हे मी त्यांना सांगायचं का? तिसऱ्यांदा अर्ज घेतला, तोही पोच न देता. गल्लीच्या तोंडाला कॅमेरा आहे, बघायला कोणी आलं नाही. तुमच्यावर वेळ आलीच तर तोंडी बोलत बसू नका. गुन्हा नोंदवत नसतील तर तक्रार लेखी, टपालाने, थेट पोलीस अधीक्षकांना पाठवा. गुन्हा नोंदवला तर प्रत फुकट मिळते, मागून घ्या. दागिन्यांची वजनाची पावती जपा; माझ्याकडे ती होती म्हणून निदान तूट तरी कळली. आणि सोनं उजळायचं तर सराफाकडे, आधी-नंतर वजन करून. दारात कोणी "फुकट" म्हटलं की दार लावा, उद्धट दिसलं तरी चालेल.

ठाण्यातून नंतर एकच फोन आला. तोफेची पुंगळी घरात कशी, तिचा कागद घेऊन या.